पोराची संगत

(साक्षरता वर्गातल्या प्रौढ मंडळींसमोर एका निवृत्त मुख्याध्यापकांनी केलेले भाषण)



आम्ही काही पंडित नव्हे. मॅट्रिक झालो, मास्तरकीचं शिक्षण घेतलं आणि सारी उमर प्राथमिक शाळेत खडू झिजवला. शेवटची काही वर्षं मुख्याध्यापक होतो. आता निवृत्त होऊन घरी बसलो आहोत.

आजचा विषय तुमच्या घरातलाच आहे. तुमचं बारा ते पंधरा वर्षांचं मूल आणि त्याचे सोबती.

हे वय मोठं अवघड. कालपर्यंत आईचा पदर धरून हिंडणारं पोर आज आईबरोबर बाजाराला यायला लाजतं. बापानं हाक मारली तर ऐकू येत नाही, पण गल्लीतून सोबत्यानं शीळ घातली की ताटावरून उठून पळतं. आपण म्हणतो, पोरगं बिघडलं. मंडळी, ते बिघडलेलं नसतं. ते मोठं होत असतं. पाखराला पंख फुटले की ते घरट्याबाहेर बघणारच. प्रश्न इतकाच, की बाहेर त्याला कोण भेटतं आणि त्याला कुठं ओढून नेतं.

आपल्यात म्हण आहे. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. ही म्हण आपण वाईट संगतीपुरतीच वापरतो. पण गुण लागतो तो चांगलाही लागतो. हे दोन्ही आम्ही एकाच दिवशी, एकाच विहिरीवर घडलेलं ऐकलं. ती हकीगत आधी सांगतो.

२००३ सालचा एप्रिल महिना होता. सकाळची शाळा होती. शाळा सुटल्यावर सहावीतली सात मुलं घरी न जाता परस्पर मळ्यातल्या विहिरीवर गेली. ऊन मी म्हणत होतं. सातांपैकी सहांना पोहता येत होतं. सातव्याला येत नव्हतं. पोहायला शिकणारी पोरं पाठीला सुका भोपळा किंवा पत्र्याचा रिकामा डबा बांधतात. त्या दिवशी कोणी तसलं काही नेलं नव्हतं.

पाच जणांनी धडाधड उड्या मारल्या आणि खालून सातव्याला हाका मारायला लागले. "ये की रे! भितोस काय? आम्ही आहोत ना!" हा काठावर उभा. पाय लटपटत होते. खालून हसण्याचा आवाज आला. मग एकानं त्याला पडलेलं नाव घेऊन चिडवलं. बाकीच्यांनी तेच नाव उचललं. विहिरीत आवाज घुमतो, तुम्हांला ठाऊक आहेच.

काठावर आणखी एक मुलगा होता. अभ्यासात अगदी बेताचा. वर्गात तो आहे की नाही, हेही आमच्या ध्यानात राहत नसे. त्याला पोहता येत होतं, पण तो अजून उतरला नव्हता. तो म्हणाला, "त्याला येत नाही. राहू द्या." त्यावर त्यालाही हसले. त्यानं पाहिलं, हा ऐकायचा नाही, उडी मारणार. तो वाद घालत बसला नाही. शेजारच्या वावरात एक शेतकरी पिकाला पाणी देत होते, त्यांच्याकडे तो हाका मारत धावला. उडी पडायच्या आधीच तो पळत सुटला होता. म्हणूनच पुढचं सगळं निभावलं.

त्यानं उडी मारली आणि तो तळाला गेला. वर आला, पुन्हा बुडाला. एक सोबती धरायला गेला, तर यानं त्याच्याच गळ्याला मिठी मारली. तो घाबरून सुटला आणि दूर झाला. इतक्यात ते शेतकरी आले. अंगातल्या कपड्यांनिशी त्यांनी उडी घेतली, पोराचे केस धरले आणि त्याला पायऱ्यांवर ओढून आणलं. पोराच्या पोटात पाणी गेलं होतं. तालुक्याच्या दवाखान्यात दोन दिवस राहावं लागलं. पण तो वाचला.

तिसऱ्या दिवशी आम्ही त्याला भेटायला घरी गेलो. विचारलं, "तुला पोहता येत नाही, हे तुला ठाऊक नव्हतं काय?"

तो म्हणाला, "ठाऊक होतं, गुरुजी."

"मग उडी का मारलीस?"

"सगळे बघत होते."

आम्ही विचारलं, "ते तुला काय म्हणाले?" तो गप्प राहिला. आईनं फार विचारलं तेव्हा खाली मान घालून म्हणाला, "भित्रा ससा म्हणाले."

मंडळी, हे ऐकलं आणि आम्हांला बसवेना. कारण ते नाव पोरांनी ठेवलेलं नव्हतं. ते आम्ही ठेवलेलं होतं. त्याच वर्षी सव्वीस जानेवारीला तो भाषणाला उभा राहिला आणि दोन वाक्यांवर अडला. दुसऱ्या दिवशी वर्गात आम्ही त्याला गमतीनं भित्रा ससा म्हणालो. वर्ग हसला. आम्हीही हसलो आणि विसरून गेलो. पोरं विसरली नाहीत. तीन महिने ते नाव त्याच्या मागं लागलं होतं. ते पुसून टाकण्यासाठी तो विहिरीत उतरला.

आम्ही त्याच्या वडिलांना हे सांगितलं. ते म्हणाले, "तुमचा काय दोष, गुरुजी? पोरंच वांड." आम्ही त्यावर काही बोललो नाही. बोलायला हवं होतं.

जून महिन्यात शाळा उघडली. ती मुलं सातवीत आली. पहिल्याच दिवशी आम्ही सर्व वर्गासमोर सांगितलं, की ते नाव आमच्या तोंडून निघालं ही आमची चूक झाली. ते नाव आजपासून या शाळेत कोणी घ्यायचं नाही. मग जो मुलगा वावराकडे पळाला होता त्याला पुढं बोलावलं. तो काय बोलला आणि त्यानं काय केलं, ते सर्वांना सांगितलं. त्याच्या बापजन्मात शाळेत कोणी त्याचं कौतुक केलं नसेल. तो पार लाजून गेला.

आता कोणी विचारील, शहाणं पोर असं का वागतं? याचा शोध शिकलेल्या लोकांनी केला आहे.

अमेरिकेत सॉलोमन अ‍ॅश नावाचे एक मानसशास्त्रज्ञ होते. १९५१ साली त्यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. सात-आठ माणसं ओळीनं बसवली. त्यांना एक रेघ दाखवली. मग लहान-मोठ्या तीन रेघा दाखवल्या आणि विचारलं, यातली कोणती रेघ पहिलीएवढी आहे? पोरसुद्धा सांगेल इतकं ते सोपं होतं. पण गंमत अशी, की एक जण सोडून बाकी सगळ्यांना आधीच पढवून ठेवलेलं होतं. त्यांनी मुद्दाम एकसारखं चुकीचं उत्तर द्यायचं. तो एकटा बिचारा चक्रावून जाई. स्वतःच्या डोळ्यांनी खरं दिसत असताना, चार माणसांत सुमारे तीन माणसं एकदा तरी बाकीच्यांच्या चुकीच्या उत्तरात मिळाली. आणि ही पोरं नव्हती, कॉलेजात शिकणारी माणसं होती.

पण याच प्रयोगात दुसरीही गोष्ट दिसली. त्या सगळ्यांत एकच माणूस जर खरं बोलला, तर त्या एकट्याला धीर येई आणि तोही बहुतेक वेळा खरं बोले. एक सोबती पुरे होई. तुमच्या पोराला दहा सोबती नसले तरी चालेल. पण खरं बोलणारा एक असला पाहिजे.

दुसरा प्रयोग २००५ सालचा आहे. तोही अमेरिकेतलाच. तिथं माणसांना पडद्यावर मोटार चालवण्याचा खेळ खेळायला दिला. तेरा ते सोळा वर्षांची मुलं एकटी खेळली तेव्हा त्यांनी बेतानं गाडी हाकली. सोबती बघायला उभे होते तेव्हा त्याच वयाच्या मुलांनी कितीतरी जास्त धोके घेतले. मोठ्या माणसांत सोबती असले-नसले तरी फारसा फरक पडला नाही.

याचं कारण असं सांगतात. मौजेची, शाबासकीची ओढ मेंदूत लवकर जोर धरते. पण स्वतःला आवरणारा मेंदूचा भाग सावकाश पिकतो. तो पुरता तयार व्हायला पंचविशीच्या आसपास वय जातं. गोऱ्हा दांडगा झाला, पण अजून कासऱ्याला सरावला नाही, तसं हे असतं. गोऱ्ह्याला कोणी पापी म्हणत नाही. आपण जवळ राहून त्याला वळण लावतो.

मोठमोठी माणसंसुद्धा या वयात घसरली आहेत. महात्मा गांधींनी आपल्या आत्मकथेत हे काही न लपवता लिहिलं आहे. राजकोटला शाळेत असताना त्यांना एक सोबती मिळाला. तो धाडसी, धावण्यात पटाईत. मोहन अंगानं किडकिडीत आणि अंधाराला भिणारा. सोबत्यानं पटवलं, की मांस खाल्लं तर तू माझ्यासारखा होशील. घरी आईबाप कट्टर वैष्णव. तरी मोहन नदीकाठी चोरून मांस खाऊन आला. रात्रभर त्याला झोप नाही. पुढं आईनं जेवायला बोलावलं की भूक नाही म्हणून खोटं बोलावं लागे. त्याच्याही आधी एका नातेवाईक मुलाच्या नादानं विडीची चटक लागली होती आणि त्यापायी नोकराच्या पैशांची चोरी झाली होती. पंधराव्या वर्षी भावाच्या कड्यातला सोन्याचा तुकडा चोरला.

शेवटी मन खाऊ लागलं. मोहननं सगळं चिठ्ठीत लिहिलं आणि आजारी बापाच्या हातात दिलं. बाप मारील, असं त्याला वाटत नव्हतं. बापाला दुःख होईल, ही भीती होती. बापानं चिठ्ठी वाचली. डोळ्यांतून पाणी आलं. काही न बोलता चिठ्ठी फाडून टाकली. पोरानं पुन्हा चोरी केली नाही. मंडळी, आपल्या पोरानं अशी चिठ्ठी आपल्या हातात द्यावी, इतका त्याला आपला भरवसा वाटतो काय? हे रात्री निजताना स्वतःला विचारा.

आता चांगल्या संगतीचं बोलू. कर्मवीर भाऊराव पाटलांचं नाव तुम्ही ऐकलं आहे. त्यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं. तिथं निरनिराळ्या जातींची खेड्यातली पोरं एकत्र ठेवली. एकत्र काम, एकत्र जेवण, एकत्र अभ्यास. घरून येताना शिवाशीव घेऊन आलेलं पोर तिथं चार दिवसांत दुसऱ्याच्या ताटाला ताट लावून बसू लागे. कारण बाकीची पोरं तसं बसत होती. १९२७ साली गांधीजी तिथं येऊन गेले. व्याख्यानांनी जे होत नाही, ते सोबत्यांच्या पंगतीनं झालं.

इतकं लांब कशाला? तुमच्याच वाडीकडे बघा. एकटी मुलगी दोन कोस चालून हायस्कूलला जायला कचरते. आईबापही पाठवायला कचरतात. पण चार मुली मिळून निघाल्या की पाचवीही तयार होते. एका मुलीनं शाळा सोडली की दुसरीच्या घरीही तीच भाषा सुरू होते. तेव्हा आपल्या मुलीची शाळा टिकवायची तर तिच्या मैत्रिणीची शाळाही टिकली पाहिजे. मैत्रिणीच्या आईशी जाऊन बोला.

आता तुम्ही म्हणाल, गुरुजी, आम्ही करायचं काय? आम्ही त्या सातवीच्या वर्गात काय केलं ते सांगतो. तुम्हांला घरी करण्याजोगं आहे.

फळ्याच्या मधोमध रेघ ओढली. एका बाजूला लिहिलं, ओढणारे शब्द. दुसऱ्या बाजूला लिहिलं, सावरणारे शब्द. मुलांनाच म्हटलं, सांगा. पहिली बाजू भराभर भरली. "घे रे, एकदानं काय होतंय!" "सगळे करतात." "आईला विचारायला जातोस काय?" "आमच्यातला असशील तर ये." दुसरी बाजू भरायला वेळ लागला. मग एकेक आलं. "राहू दे त्याला." "चल, गणितं करू." "मी पण घेत नाही." मुलांनी आपणच ओळखलं, की पहिल्या बाजूचं प्रत्येक वाक्य लाज वाटायला लावणारं आहे.

मग तालीम घेतली. कुस्तीची तालीम असते, तशी नाही म्हणण्याची तालीम. एकानं पुडी पुढं करायची, दुसऱ्यानं नाही म्हणायचं. भाषण करायचं नाही, भांडायचं नाही. "मला नको," इतकं म्हणायचं, दुसरं बोलणं काढायचं किंवा तिथून निघायचं. पहिल्या दिवशी सगळे हसले. महिन्याभरात ते शब्द तोंडात बसले. ऐन वेळी माणसाला नवं सुचत नाही, तोंडात बसलेलं तेवढं बाहेर येतं.

घरी करायच्या गोष्टी या.

पहिली. पोराचे सोबती नावानिशी ओळखा. त्यांना घरी येऊ द्या, भाकरतुकडा द्या. जे पोर तुमच्या ओट्यावर बसलं, त्याची पारख तुम्हांला होते. शिवाय ते तुमच्या पोराला आडवाटेला न्यायला थोडं बिचकतं.

दुसरी. सोबत्यांसमोर पोराचा पाणउतारा करू नका, नावं ठेवू नका. आम्ही काय करून बसलो, ते तुम्ही ऐकलंतच. रागवायचं तर घरात, एकट्याला.

तिसरी. त्याच्या सोबत्याला एकदम वाईट म्हणू नका. म्हटलं की पोर सोबत्याची बाजू घेतं. त्यापेक्षा विचारा, "ते सगळे तसं म्हणाले तेव्हा तुला कसं वाटलं?" आणि मग गप्प बसून ऐका.

चौथी. पोराला एक सबब देऊन ठेवा. "माझा बाप फार कडक आहे, घरात घेणार नाही," असं त्याला खुशाल सांगू द्या. तुम्हांला वाईटपणा आला तरी पोराची सुटका होते. आणि बाहेर अडचणीत सापडला तर त्यानं मध्यरात्रीसुद्धा तुम्हांला बोलवावं. त्या वेळी आधी घरी आणा, बोलणं सकाळी.

पाचवी. हल्ली सोबती फोनमधूनही येतात. तिथं चिडवणं रात्रीही थांबत नाही. एखाद्या मुलाची किंवा मुलीची टवाळी गटात सुरू झाली की बाकीचे नुसते बघतात. आपल्या पोराला सांगा, तू पुढं पाठवू नकोस आणि घरी सांग. रात्री सर्वांचे फोन, तुमचासुद्धा, एका कोनाड्यात ठेवा.

कायदाही जाणून घ्या. अठरा वर्षांखालच्या मुलाला तंबाखू, सिगारेट विकणं २००३ सालच्या कायद्यानं गुन्हा आहे. महाराष्ट्रात २०१२ सालापासून गुटख्यावर बंदी आहे. अल्पवयीन पोराच्या हाती मोटारसायकल दिली आणि त्यानं गुन्हा केला, तर २०१९ साली झालेल्या बदलाप्रमाणे पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो. "सगळ्या पोरांकडे गाडी आहे," हे पोराचं म्हणणं आपण ऐकतो, तेव्हा आपणही ओढलेच जात असतो. आणि मूल कुठं संकटात असेल तर १०९८ या क्रमांकावर फुकट फोन लागतो. तो नंबर भिंतीवर लिहून ठेवा. आता तुम्हांला लिहिता येतं.

शेवटी एक बोलतो, राग मानू नका. संगतीचा ओढा पोरांनाच असतो असं नाही. भावकीनं मांडव मोठा घातला म्हणून आपण कर्ज काढून त्याहून मोठा घालतो. चार जण बसले म्हणून आपणही बसतो आणि घरी उशिरा येतो. पोर हे सगळं बघत असतं. बाप चार माणसांत "मला नको" म्हणतो, हे त्यानं एकदा डोळ्यांनी पाहिलं, तर आमचे शंभर पाठ त्यापुढं फिके.

आणि तुम्हांला हे जमणार नाही असं नाही. तुम्ही करून दाखवलं आहे. हा वर्ग सुरू झाला तेव्हा गाव काय म्हणत होतं? "म्हातारपणी शाळा! आता कलेक्टर होणार काय!" पाटी पदराखाली लपवून येणाऱ्या बाया आम्ही पाहिल्या. तरी एक आली. तिला बघून तिची जाऊ आली. मग शेजारीण आली. आज इथं बसायला जागा पुरत नाही. ओढणारे शब्द तुम्ही ऐकले, ते अंगावर घेतले आणि एकमेकींना सावरलं. हीच हकीगत आज घरी जाऊन पोराला सांगा. आपल्या आईलाही लोक हसले होते, हे त्याला कळू द्या.

तो विहिरीतून वाचलेला मुलगा आता वायरमनचं काम करतो. त्याला स्वतःचं पोर आहे. रस्त्यात भेटला की वाकून नमस्कार करतो. गेल्या वर्षी आम्ही त्याला म्हटलं, "तुझ्या पोराला पोहायला शिकव." तो हसला. म्हणाला, "शिकवलं, गुरुजी. आणि पाण्याला भ्यायला वाटलं तर सांगायचं, तेही शिकवलं."



वाचा आणि वर्गात बोला

१. विहिरीवरच्या सात मुलांपैकी खरा धीट कोण? का?
२. तुमच्या पोराच्या तीन सोबत्यांची नावं पाटीवर लिहा.
३. ओढणारी दोन आणि सावरणारी दोन वाक्यं लिहा.
४. तुम्ही स्वतः कधी "सगळे करतात" म्हणून काही केलं होतं काय? ते एकमेकांना सांगा.